इंग्रजीतील विशेषनामे, व्यापारचिन्हे आणि 'द' हे उपपद

मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी उपपदांविषयी पहिला नियम बहुधा असा सांगितला जातो, की विशेषनामापूर्वी उपपद येत नाही. त्याच पाठात थोडे पुढे गेल्यावर दुसरा नियम येतो : नद्या, समुद्र, पर्वतरांगा, जहाजे, वृत्तपत्रे आणि प्रसिद्ध इमारती यांच्या नावांपूर्वी 'द' हे निश्चित उपपद लावावे. वास्तविक गंगा हे विशेषनाम आहे आणि 'टाइम्स ऑफ इंडिया' हेही विशेषनामच आहे. मग पहिल्या नियमाचे काय झाले, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. विद्यार्थी दोन्ही याद्या पाठ करतो, परीक्षेत रिकाम्या जागा भरतो, आणि पुढे आयुष्यभर अर्ज, अहवाल व शोधनिबंध लिहिताना 'द' अंदाजाने टाकतो किंवा गाळतो.

या दोन याद्यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. ज्या नावात वर्णनाचा अंश बोलणाऱ्याला अजून जाणवतो, तेथे 'द' टिकून राहते. वर्णन विरून केवळ नाव उरले, की 'द' गळते. हे तत्त्व व्याकरणापुरते मर्यादित राहिले असते तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु वर्णन कोठे संपते आणि नाव कोठे सुरू होते, यावर एखाद्या राष्ट्राचा मान अवलंबून असू शकतो, आणि एखाद्या कंपनीची मोठी मालमत्ताही. मराठीत उपपद नाही. त्यामुळे ही सीमारेषा आपल्या लक्षात सहसा येत नाही, हे या विषयाकडे वळण्याचे आणखी एक कारण.

वर्णन आणि नाव

इंग्रजीतील 'द' हे ऐतिहासिक दृष्ट्या दर्शक सर्वनामापासून आलेले आहे. म्हणजे आपल्या 'तो', 'ती', 'ते' यांच्या कुळातले. 'ज्याविषयी बोलणे चालू आहे आणि जे तुम्हाला ओळखता येईल, ते' असा त्याचा मूळ आशय. अशा शब्दाची गरज सामान्यनामाला असते. 'नदी' म्हटल्याने कोणती नदी ते कळत नाही. 'ती नदी' म्हटल्याने कळते. विशेषनाम स्वतःच एकाच वस्तूकडे बोट दाखवते, म्हणून त्याला या आधाराची गरज नसते. बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ साली 'द' या शब्दाने सुरू होणाऱ्या वर्णनपर पदांचा तर्कशास्त्राच्या अंगाने विचार मांडला, तेव्हा त्यांच्यासमोरही वर्णन आणि नाव यांतील हाच भेद होता. पुढे १९१८ साली तुरुंगात असताना लिहिलेल्या आणि १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितीय तत्त्वज्ञानावरील ग्रंथात त्यांनी या एका लहानशा शब्दासाठी दोन प्रकरणे खर्ची घातली. ज्यांना 'द' हा क्षुल्लक विषय वाटतो, त्यांच्यासाठी एवढा दाखला पुरेसा व्हावा.

हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या इंग्रजी व्याकरणात विशेषनामांचे 'सबल' आणि 'दुर्बल' असे दोन वर्ग केलेले आहेत. सबल विशेषनाम उपपदाशिवाय उभे राहते. दुर्बल विशेषनामाला 'द' लागते. दुर्बल नावांच्या पोटात बहुतेक वेळा एखादे सामान्यनाम दडलेले असते. याचे आपल्या परिचयाचे उदाहरण विद्यापीठांच्या नावांतच आहे. 'मुंबई युनिव्हर्सिटी' असे लिहिले तर 'द' नको. 'युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' असे लिहिले तर वाक्यात 'द' हवे. संस्था एकच, शहर एकच. परंतु दुसऱ्या रचनेत 'मुंबईचे विद्यापीठ' हे वर्णन उघडे पडते. पुण्याच्या विद्यापीठाचे पूर्वीचे इंग्रजी नाव 'ऑफ'च्या रचनेतले असल्याने वाक्यात 'द' घेत असे. २०१४ मध्ये नामविस्तार होऊन 'सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी' झाल्यावर 'द' आपोआप अनावश्यक ठरले. तरीही अनेक स्वपरिचयपत्रांत आणि प्रमाणपत्रांच्या मसुद्यांत नव्या नावाआधी जुने 'द' अद्याप चिकटलेले दिसते.

नद्यांच्या बाबतीत 'रिव्हर' हा शब्द उच्चारला नाही तरी तो गृहीत असतो, आणि 'द' हे त्या गृहीत शब्दाचे उपपद असते. एरवी कंटाळवाणा वाटणारा हा नियम महाराष्ट्राच्या भूगोलात अर्थपूर्ण होतो. इंग्रजी वाक्यात 'कृष्णा' एवढेच लिहिले तर भगवान श्रीकृष्ण. 'द कृष्णा' लिहिले तर वाईहून सांगलीकडे वाहणारी नदी. 'भीमा' म्हणजे दुसरा पांडव. 'द भीमा' म्हणजे पंढरपूरची नदी. मराठीत आपण कृष्ण आणि कृष्णा, भीम आणि भीमा असा फरक शब्दाच्या अंत्य स्वराने व लिंगाने करतो. रोमन लिपीतील रूढ लेखनात तो फरक बुजतो आणि सारा भार 'द' वर येतो. सांगलीच्या पुराची इंग्रजी बातमी लिहिताना हे उपपद गाळले, तर वाचकाच्या मनात क्षणभर भलतेच चित्र उभे राहील.

पर्वतांच्या बाबतीत एकवचन आणि अनेकवचन यांचा भेद काम करतो. 'कळसुबाई' या शिखराला 'द' नाही; 'सह्याद्रीज' असे अनेकवचनी रूप केले की 'द' आलेच, कारण अनेकवचन म्हणजे अनेक घटकांच्या समूहाचे वर्णन. 'द हिमालयाज', 'द निलगिरीज' आणि द्वीपसमूह असलेले 'द फिलिपीन्स' ही एकाच साच्यातली नावे होत. आडनावांचेही तसेच : 'टाटा' हे नाव, परंतु त्या घराण्याविषयी बोलताना 'द टाटाज'. रस्त्यांना सहसा उपपद लागत नाही, द्रुतगती महामार्गाला लागते. आगगाड्यांना लागते, १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर सुरू झालेली 'डेक्कन क्वीन' इंग्रजीत नेहमी 'द डेक्कन क्वीन' असते. इमारतींच्या बाबतीत मात्र नियम शोधू नये हे बरे. आयफेल टॉवरला 'द' लागते आणि न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरला लागत नाही. शनिवारवाड्याबद्दल तर इंग्रजी वृत्तपत्रांतही एकवाक्यता नाही.

संक्षेपांचा नियम मात्र महाविद्यालयीन अध्यापकांना रोज उपयोगी पडणारा असल्याने तो येथे नोंदवितो. संस्थेच्या नावाची आद्याक्षरे सुटी सुटी उच्चारली जात असतील तर 'द' राहते. ती एकत्र जुळून एखाद्या शब्दासारखी उच्चारली जात असतील तर 'द' गळते. म्हणून १९५६ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेला आयोग इंग्रजीत 'द यूजीसी', आणि १९९४ साली स्थापन झालेली मूल्यांकन परिषद नुसतीच 'नॅक'. तसेच 'द आरबीआय', परंतु 'सेबी'. 'द बीसीसीआय', परंतु 'इस्रो'. आद्याक्षरे सुटी उच्चारताना त्यांमागील 'कमिशन' किंवा 'बँक' हा शब्द मनात जागा असतो. 'नॅक' म्हणताना तो झोपी गेलेला असतो. खाजगी कंपन्या या नियमाला अपवाद आहेत : 'टीसीएस' आणि 'आयबीएम' यांना सुट्या अक्षरांतही उपपद लागत नाही.

प्रदेशाचे राष्ट्र होते तेव्हा

ब्रिटिशकालीन सरकारी कागदपत्रांत 'द पंजाब', 'द डेक्कन', 'द कोकण' अशी रूपे सर्रास आढळतात. पंजाब म्हणजे पाच नद्यांचा मुलूख, दख्खन म्हणजे दक्षिणेकडचा प्रदेश. ही भूवर्णने आहेत, हे त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्याला ठाऊक होते आणि त्याचे उपपद त्या जाणिवेची खूण होती. पुढे पंजाब हे प्रांताचे आणि राज्याचे नाव म्हणून स्थिरावले आणि आजच्या भारतीय इंग्रजीत 'द पंजाब' जवळजवळ लोपले. दख्खनला स्वतंत्र राजकीय अस्तित्व मिळाले नाही. ते पठारच राहिले, आणि म्हणून 'द डेक्कन' हे रूप आजही प्रचारात आहे.

हा फरक वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु तो ज्यांच्या अस्तित्वाशी निगडित असतो त्यांना तसा वाटत नाही. युक्रेनचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. सोव्हिएत काळात इंग्रजीत 'द युक्रेन' असे लिहिण्याचा प्रघात होता. २४ ऑगस्ट १९९१ रोजी युक्रेनने स्वातंत्र्य घोषित केले आणि डिसेंबरमधील सार्वमताने त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यानंतर त्या देशाने इंग्रजीतील 'द' वगळण्याचा आग्रह धरला आणि वृत्तसंस्थांनी तो हळूहळू मान्य केला. गंमत अशी, की युक्रेनियन आणि रशियन या दोन्ही भाषांत मराठीप्रमाणेच उपपद नाही. स्वतःच्या भाषेत नसलेल्या एका शब्दाविषयी हा आग्रह होता. तो समजून घ्यावयाचा तर त्या भाषांतील शब्दयोगाकडे पाहावे लागते. रशियनमध्ये 'युक्रेनमध्ये' असे म्हणताना प्रदेशांसाठी वापरले जाणारे 'ना' हे अव्यय रूढ होते. स्वतंत्र राज्यांसाठी सामान्यतः 'व' हे अव्यय येते. १९९३ मध्ये युक्रेनच्या शासनाने रशियनमध्येही 'व' वापरावे अशी मागणी केली. 'द' आणि 'ना' यांचे काम दोन भाषांत एकच होते : हा एखाद्या मोठ्या सत्तेचा भूभाग आहे, राज्य नव्हे, असे न बोलता सुचविणे. एखाद्याने अनवधानाने 'द युक्रेन' लिहिले म्हणून त्याच्या मनात साम्राज्यवाद आहे असे ठरविणे अन्यायाचे होईल; परंतु ज्याच्या देशाचे नाव आहे त्याने ते ऐकून अस्वस्थ होणे, यालाही भाषिक आधार आहे.

नेमकी उलट भूमिका गांबियाने घेतली. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी स्वतंत्र झालेल्या या चिंचोळ्या देशाचे नाव त्याच्या मधोमध वाहणाऱ्या नदीवरून पडले आहे, आणि नदीचे 'द' देशानेही अधिकृतपणे स्वतःकडे ठेवले. काही महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, स्वतंत्र झालेल्या झांबियाशी गल्लत होऊ नये हेही त्यामागे एक कारण होते. बहामाज या द्वीपराष्ट्राचे आणि नेदरलँड्समधील हेग या शहराचेही 'द' अधिकृत नावाचा भाग आहे. त्यामुळे ते वाक्याच्या मध्यभागीसुद्धा मोठ्या अक्षराने लिहिले जाते. तेव्हा 'द' हे नेहमीच कमीपणाचे लक्षण असते असे नाही. ते कोणी लावले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

संस्थांचा आग्रह आणि मराठी पाट्यांवरील 'दि'

स्वतःहून 'द' धारण करणाऱ्यांत वृत्तपत्रे अग्रेसर आहेत. १७८५ मध्ये निघालेल्या लंडनच्या एका दैनिकाने १७८८ मध्ये 'द टाइम्स' हे नाव घेतले आणि जगभर त्याचे अनुकरण झाले. १८३८ साली मुंबईत सुरू झालेले 'बॉम्बे टाइम्स' हे पत्र १८६१ मध्ये 'द टाइम्स ऑफ इंडिया' झाले. १८७८ मध्ये मद्रासला 'द हिंदू' निघाले. परंतु वृत्तपत्राचे नाव दुसऱ्या नामाचे विशेषण म्हणून आले, की त्याचे स्वतःचे 'द' टिकत नाही. तेथे पुढील नामाचे उपपद वरचढ ठरते. 'अ टाइम्स रिपोर्टर' म्हणजे 'द टाइम्स'चा एक वार्ताहर. याच नियमाने 'अ हिंदू रिपोर्टर' असे लिहिले, तर वार्ताहराचा धर्म सांगितल्यासारखे होते. येथे उपपद गेले की नावच गेले. जाणते लेखक म्हणूनच ही रचना टाळून 'अ रिपोर्टर ऑफ द हिंदू' असे लिहितात.

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यापीठाने हा आग्रह टोकाला नेला. १८७८ पासून त्याचे अधिकृत नाव 'द ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी' असे आहे. व्याकरणदृष्ट्या येथे 'द' ची गरज नाही. संस्थेला मात्र ते आपल्या ओळखीचा भाग वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये विद्यापीठाने नुसता 'द' हा शब्द टोप्या आणि सदऱ्यांसाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवावा असा अर्ज केला. मार्क जेकब्स या वस्त्रनिर्मात्या कंपनीचा तसाच अर्ज त्याआधी दाखल झालेला होता. २०२१ मध्ये दोघांत समझोता झाला आणि जून २०२२ मध्ये विद्यापीठाला नोंदणी मिळाली. यामुळे इंग्रजीतील सर्वाधिक वापराचा शब्द कोणाच्या मालकीचा झाला, असे जे विनोदाने म्हटले गेले ते खरे नाही. हक्क आहे तो विशिष्ट प्रकारच्या कपड्यांवर ओळखचिन्ह म्हणून तो शब्द छापण्यापुरता.

आपल्याकडे हा प्रकार आधीपासून, आणि अधिक निरागसपणे, चालत आलेला आहे. महाराष्ट्रातील सहकारी बँका, पतपेढ्या, गिरण्या आणि शिक्षणसंस्था यांच्या जुन्या पाट्या पाहिल्या तर 'दि', 'धि' किंवा 'धी' ने सुरू होणारी नावे जागोजागी दिसतात. १९७० साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आणणारी संस्था 'धी गोवा हिंदू असोसिएशन' याच नावाने नाट्यरसिकांना परिचित आहे. नोंदणीच्या इंग्रजी कागदावर 'द' होते, ते मराठीत लिप्यंतरित होऊन पाटीवर आले. इंग्रजीत व्यंजनापूर्वी 'द' आणि स्वरापूर्वी 'दि' असा उच्चारभेद आहे. मराठी पाटीने तो मानला नाही; एकच रूप सर्वत्र लावले. मराठीत या 'दि' ला व्याकरणिक कार्य काहीच नाही. ते नावाच्या आरंभी येणाऱ्या 'श्री' सारखे मानाचे अक्षर झाले आहे. (दिनांकासाठी लिहिले जाणारे 'दि.' आणि हे 'दि' एकाच पत्रशीर्षावर शेजारी आले की होणारी मौज पुष्कळांनी अनुभवली असेल.) अलीकडे मात्र आखूड नावांची आवड वाढली आहे. १९०७ मध्ये स्थापन झालेली 'द टाटा आयर्न अँड स्टील कंपनी' २००५ मध्ये 'टाटा स्टील' झाली. २००४ मध्ये 'द फेसबुक' म्हणून जन्मलेल्या संकेतस्थळाने पुढच्याच वर्षी 'द' टाकून दिले आणि ते नसलेला पत्ता दोन लाख डॉलर मोजून विकत घेतला. 'द फेसबुक' हे अमेरिकी महाविद्यालयांतील छायाचित्रसूचीचे वर्णन होते. 'फेसबुक' हे नाव झाले.

व्यापारचिन्हाची नाजूक जागा

व्यापारचिन्ह वस्तूचे नाव सांगत नाही, ती कोणाकडून आली ते सांगते. 'हे काय आहे?' या प्रश्नाचे उत्तर सामान्यनाम देते आणि 'हे कोणाचे आहे?' याचे उत्तर व्यापारचिन्ह देते. म्हणून कंपन्यांचे विधिसल्लागार असा सल्ला देतात, की चिन्ह नेहमी विशेषणासारखे वापरावे आणि त्यापुढे वस्तूचे सामान्यनाम लिहावे. 'द झेरॉक्स मशीन' या पदात 'द' हे 'मशीन'चे उपपद आहे. 'झेरॉक्स' मध्ये सुरक्षित बसले आहे. 'मशीन' गाळून 'द झेरॉक्स', 'अ झेरॉक्स', 'थ्री झेरॉक्सेस' असे म्हटले, की चिन्ह सामान्यनामाच्या आसनावर जाऊन बसते. त्या आसनाची सवय झाली की ते तेथून उठवता येत नाही. ही भीती निराधार नाही. ॲस्पिरिन (१९२१), सेलोफेन (१९३६), एस्कलेटर (१९५०) आणि थर्मॉस (१९६३) ही सारी एके काळची संरक्षित चिन्हे अमेरिकेत याच मार्गाने गेली.

एस्कलेटरच्या प्रकरणात तर घाव मालकानेच घातला होता. ओटिस कंपनीने आपल्या जाहिरातींत आणि पेटंटच्या कागदपत्रांत 'एस्कलेटर' हा शब्द 'एलिव्हेटर' या सामान्यनामाच्या जोडीने, त्याच्यासारखाच वापरला होता. तोच पुरावा तिच्याविरुद्ध गेला. ॲस्पिरिनच्या खटल्यात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी श्रोतृवर्गानुसार भेद केला : डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्यासाठी तो शब्द अजून चिन्ह होता, सर्वसामान्य ग्राहकासाठी मात्र ते त्या गोळीचे नाव झाले होते. थर्मॉसच्या निकालात न्यायालयाने लिपीचा आधार घेतला. प्रतिस्पर्धी कंपनीने तो शब्द वापरावा, परंतु लहान आद्याक्षराने आणि आपले नाव आधी जोडून. मोठ्या आद्याक्षराचा शब्द मूळ मालकाकडे राहील. म्हणजे एकच शब्द दोन लेखनरूपांत विभागला गेला.

तथापि उपपद हाच निर्णायक पुरावा, असे मानणे चूक आहे. 'अ टोयोटा' असे सारे जग म्हणते आणि त्या चिन्हाला काही धक्का लागत नाही, कारण 'अ टोयोटा' म्हणजे टोयोटाने बनविलेली मोटार. होंडाच्या मोटारीला कोणी तसे म्हणत नाही. 'अ थर्मॉस' मात्र कोणाच्याही बाटलीला म्हटले जात होते. व्याकरण दोन्हीकडे एकच; फरक आहे तो अर्थाच्या व्याप्तीत. उपपदाने संशय घ्यावा, निवाडा करू नये. अमेरिकेच्या १९४६ च्या लॅनहॅम कायद्यात १९८४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हीच कसोटी शब्दबद्ध केली : संबंधित जनसमुदायाच्या मनात त्या शब्दाचा प्रमुख अर्थ कोणता? २०१७ मध्ये 'गूगल' हे क्रियापद झाले म्हणून चिन्ह रद्द करावे अशी मागणी अपील न्यायालयाने फेटाळली, कारण क्रियापद म्हणून वापर झाला तरी त्या विशिष्ट शोधयंत्राची ओळख पुसली गेली असे सिद्ध होत नव्हते. २०२० मध्ये 'बुकिंग डॉट कॉम'च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही ग्राहकाच्या मनातील अर्थालाच महत्त्व दिले.

काही कंपन्यांनी यावर वेगळीच युक्ती योजली आहे. ॲपलच्या जाहिरातींत 'आयफोन' हा शब्द बहुधा उपपदाशिवाय येतो, जणू ते एखाद्या व्यक्तीचे नाव असावे. तो वापरणारे मात्र 'द आयफोन', 'माय आयफोन', 'टू आयफोन्स' असेच बोलतात. त्या कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१६ मध्ये आपल्या उत्पादनांच्या नावांचे अनेकवचन करू नये असे जाहीरपणे सुचविले होते. लोकांनी ते मनावर घेतले नाही. जाहिरातीची भाषा कंपनीच्या हातात असते, बोलभाषा नसते.

भारतीय कायद्याचा कल थोडा निराळा आहे. १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३६ नुसार, एखादा नोंदणीकृत शब्द वस्तूचे नाव म्हणून वापरला जाऊ लागला, एवढ्यानेच नोंदणी अवैध ठरत नाही. त्या व्यवसायातील इतर लोकांकडून तो शब्द वस्तूचे अथवा सेवेचे नाव म्हणून सुपरिचित आणि प्रस्थापित रीतीने वापरला जात असेल, तर मात्र मालकाचा हक्क अडचणीत येऊ शकतो. गृहिणीने 'कोलगेट आण' म्हणून दुसरीच पेस्ट स्वीकारली, तर मालकाने घाबरण्याचे कारण नाही. परंतु गावोगावच्या दुकानांवर 'येथे झेरॉक्स काढून मिळतील' अशा पाट्या लागतात तेव्हा बोलणारा ग्राहक नसून व्यावसायिक असतो. 'झेरॉक्स' हे आजही त्या कंपनीचे व्यापारचिन्ह आहे, हे अनेक पाटीकारांच्या गावीही नसते.

मराठीतील खुणा

येथे मराठी अभ्यासकापुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. उपपद आणि मोठे आद्याक्षर, या दोन खुणांवर इंग्रजीतील वाद लढविले गेले. मराठीत उपपद नाही आणि देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत. मग मराठी पाटीवरचा, मराठी जाहिरातीतला शब्द नाव आहे की सामान्यनाम, हे ओळखावयाचे कसे? मराठीत त्यासाठी निदान दोन खुणा उपलब्ध आहेत, असे मला वाटते : लिंग आणि सामान्यरूप.

'सकाळ झाली' येथे शब्द स्त्रीलिंगी. 'सकाळ आला का?' येथे १९३२ साली पुण्यात सुरू झालेले दैनिक, आणि ते पुल्लिंगी. 'सकाळी वाचले' ही वेळ, 'सकाळमध्ये वाचले' हे वृत्तपत्र. नाव झाल्याबरोबर शब्दाने सामान्यरूप नाकारले. त्याचप्रमाणे 'मारुती घेतली' म्हणताच श्रोत्याला मोटार कळते, कारण 'गाडी' या न उच्चारलेल्या शब्दाचे लिंग क्रियापदावर उमटले आहे. देव मारुती पुल्लिंगीच राहतो. इंग्रजीत 'द कृष्णा'मधील उपपद गृहीत 'रिव्हर'चे असते, तसे येथे लिंग गृहीत 'गाडी'चे आहे. 'झेरॉक्स काढली' यातील स्त्रीलिंग गृहीत 'प्रत'कडे निर्देश करते. एवढ्यावरून तो शब्द सामान्यनाम झाला असे ठरत नाही, कारण 'मारुती घेतली' मध्येही लिंग असेच येते आणि तरीही दुसऱ्या कंपनीच्या गाडीला कोणी मारुती म्हणत नाही.

सामान्यरूपाची खूण अधिक खोल आहे. ग्रामनामे व देशनामे सामान्यरूप घेतात (गोव्यात, पुण्यात, अमेरिकेत), तेव्हा ही कसोटी सरसकट लावता येणार नाही. परंतु आधुनिक काळातील कंपन्या आणि उत्पादने यांची नावे बहुधा अविकृत राहतात. आपण 'टाटाचा ट्रक' म्हणतो, 'टाट्याचा' म्हणत नाही. उलट वनस्पती तुपाच्या एका प्रसिद्ध चिन्हाबाबत जुन्या पिढीच्या तोंडी 'डालड्याचा डबा', 'डालड्यात तळलेले' असे सहज येते, मग डब्यावरचे नाव कोणतेही असो. 'थर्मास' तर उच्चार बदलून मराठी झाला आणि 'थर्मासात चहा भर' अशा वाक्यात सामान्यरूपासह वावरू लागला. 'झेरॉक्स'ने लिंग घेतले आहे. 'दोन झेरॉक्स' असे अनेकवचनी बोलतानाही त्याचे रूप अद्याप बदलत नाही, आणि 'झेरॉक्सवर सही' म्हणताना प्रत्यय सरळ मूळ रूपाला लागतो. कलम ३६ खाली उद्या एखाद्या मराठी पाटीचा पुरावा न्यायालयापुढे आला, तर 'डालडा' आणि 'झेरॉक्स' यांच्यातील हा फरक भाषातज्ज्ञाला साक्षीत मांडता येईल.